मोळीवाटेच्या खुणा

चंद्रीच्या तोंडाला लागू नये, असं आवळवाडीत लहानथोर सगळे म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या सकाळी ही बाई इतकी गोड बोलायला लागली की तिचा नवरा सखा दचकलाच. "अहो, तेवढी एक घागर भरून आणता का?" म्हणाली. अहो! चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला 'ए' आणि 'ऐकलास का' यापलीकडे हाक मारली नव्हती. सख्याने आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी उभं आहे की काय म्हणून, आणि मग मुकाट्याने घागर उचलली.

कारण तसंच होतं. आज वनखात्याच्या माया मॅडम वाडीत येणार होत्या, आणि मोळीवाट राहणार की जाणार, हे आज ठरणार होतं.

आवळवाडीतून वर खिंडीत जायला दोन वाटा. खिंड ओलांडून पलीकडे उतरलं की बदलापूर. एक वाट ओढ्याची, जवळची पण अंगावर येणारी. दुसरी मोळीवाट, लांबून फिरून जाणारी. खात्याने यंदा डोंगरातल्या फिरायच्या वाटा कागदावर नोंदवायला घेतल्या होत्या. वाडीच्या वाट्याला एकच नोंद होती. बाकीच्या उतारावर नवी झाडं लावायची आणि सगळीकडून तारेचं कुंपण घालायचं, असं ठरलं होतं. म्हणजे जी वाट कागदावर येईल ती जगली, आणि दुसरी तारेच्या आत गेली. दोन पावसाळे कुणी चाललं नाही की करवंदीच्या जाळ्या वाट गिळून बसतात, हे वाडीत पोराटोरांनाही ठाऊक आहे.

ओढ्याची वाट सुचवली होती अभिजीतने. हा बदलापूरच्या बिल्डिंगीत राहणारा, पाच दिवस कंप्युटरपुढे बसणारा आणि शनिवार-रविवार डोंगरात पळणारा माणूस. मनाने चांगला. त्याच्या मोबाईलवर ओढ्याची वाट सव्वा किलोमीटर दिसायची आणि मोळीवाट पावणेतीन. मॅडम मागच्या आठवड्यात ओढ्याच्या वाटेने जाऊन आल्या होत्या, आणि होकार जवळजवळ देऊन बसल्या होत्या. हे कळलं तेव्हा चंद्रीने अभिजीतला भर अंगणात धरलं होतं.

"भाऊ, ओढ्याची वाट माकडांची हाये. माणसांची वाट बघायची तं माझ्यासंगं चल. नाय पटली तं थुंक माझ्या नावानं."

तो गेला, आणि वाट पटूनच परत आला. मग त्यानेच मॅडमना गळ घातली की एकदा हीही वाट बघा. मॅडम म्हणाल्या, बघते, पण खुणा हव्यात. नवखा माणूस बिनचूक वर पोचला पाहिजे. खुणा नसलेली वाट मी नोंदवणार नाही, कुणी हरवलं तर बोलणी मला खावी लागतात. आणि झाडांना रंग फासायचा नाही. म्हणून अभिजीतने चपटे दगड शोधले, त्यांवर पिवळे बाण रंगवले आणि प्रत्येक फाट्यावर एकेक मांडून ठेवला. असे सतरा दगड.

चंद्रीने त्या वाटेवरून एकतीस वर्षं लाकडाच्या मोळ्या वाहिल्या होत्या. तिच्या आधी तिच्या सासूने, बनूबाईने वाहिल्या. वाळकं लाकूड गोळा करायचं, डोक्यावर घ्यायचं, खिंड चढायची आणि पलीकडे बदलापुरात खानावळींना नाहीतर भट्टीवाल्यांना विकायचं. मोठी गिऱ्हाइकं उल्हासनगरची. तिथल्या एका सिंधी हलवायाचा टेंपो आठवड्यातून दोनदा यायचा आणि तो हलवाई चंद्रीला 'माई' म्हणायचा. मग घरोघरी गॅस आला, भट्ट्याही बदलल्या, आणि मोळ्या संपल्या. राहिली ती वाट. चंद्रीला शाळा नाही, सातबारा नाही, हातात सोन्याचा तुकडा नाही. जन्मभर काय केलंस, असं कुणी विचारलं तर बोट दाखवायला तिच्यापाशी ही एकच गोष्ट होती, आणि तिला त्या वाटेचा भयंकर अभिमान होता. मग गोड बोलणार नाही तर काय करील?

आठाच्या सुमाराला जीप आली. मॅडम चाळिशीच्या आतल्या, खाकी कपड्यांतल्या, हसू राखून वापरणाऱ्या. सख्याने त्यांच्यासाठी अंगणात जांभळीखाली नवाकोरा दगडी ओटा बांधला होता. दोन दिवस खपून बांधलेला, वर एक खड्डा नाही, ताट ठेवलं तर डुगडुगायचं नाही असा. मॅडम त्यावर टेकल्या, काळा चहा प्यायल्या, ओटा छान आहे म्हणाल्या. सखा लाजून लाल झाला. मग मॅडम, अभिजीत, सखा आणि चंद्री असे चौघे निघाले. बनूबाई दारातून ओरडली, "चंद्रे, मॅडमला उगा बोलून पिकवू नको गं!"

पहिला फाटा वाडीच्या वर दोनशे पावलांवर. अभिजीत थांबला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बाणाचा दगड नव्हता.

"गुरांनी पाडला असेल," तो म्हणाला.

दुसऱ्या फाट्यावरही नव्हता. तिसऱ्यावर नव्हता. चौथ्यावर अभिजीतच्या कपाळाला घाम फुटला, थंडीचे दिवस असून. "काकी, मी स्वतः ठेवलेत हो. शनिवारी. फोटो आहेत माझ्याकडे. सतराच्या सतरा कोण नेणार? पिवळा रंग दिला होता मी, ठसठशीत."

"पिवळा?" सखा मागून म्हणाला. आणि ज्या आवाजात म्हणाला, तो ऐकून चंद्री गर्रकन वळली.

"काय केलास तू?" ती म्हणाली. अहो-जाहो गेलं खड्ड्यात.

सख्याने आधी अभिजीतकडे बघितलं, मग मॅडमकडे, मग स्वतःच्या पायांकडे. "मला वाटला, ते न्यायचे हायेत."

"असं कसं वाटलं?" अभिजीत जवळजवळ रडकुंडीला आला.

तर त्याचं असं झालं होतं. सख्याने बावीस वर्षं कुपात, म्हणजे खात्याने तोडीला काढलेल्या जंगलाच्या तुकड्यात, लाकूडतोडीची कामं केली होती. कुपात साहेब पुढे जातो आणि तोडायच्या झाडांना रंगाचा पट्टा मारतो. मागून मजूर येतात. पट्टा असेल ते पाडायचं, उचलायचं, न्यायचं. पट्टा नसेल त्याला हात लावायचा नाही. बावीस वर्षांत सख्याच्या हातून बिनपट्ट्याचं एक झाड पडलं नव्हतं, आणि पट्ट्याचं एक राहिलं नव्हतं. वाट साफ करायला तो गेला तेव्हा त्याला एकेका फाट्यावर सपाट, निवडून ठेवल्यासारखा, रंग मारलेला दगड दिसला. तो मनात म्हणाला, वा! पोरगं हुशार हाये, मॅडमच्या ओट्यासाठी दगड निवडून ठेवून गेला. मग डोक्यावरून एकेक करून सतराही दगड त्याने खाली आणले, आणि रंग दिसायला बरा नाही म्हणून रंगाची बाजू खाली घालून ओटा बांधला. मॅडम अर्धा तास मोळीवाटेच्या खुणांवरच बसल्या होत्या.

"रंग लावला म्हणजे उचलायचा," सखा पुटपुटला. "खात्याचाच नियम हाये तो."

मॅडमच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तेवढाच. "चूक तुमची नाही," त्या म्हणाल्या. "पण मी आज शेवटची आलेय. उद्या कागद वर जातो. खुणा नाहीत, तर मी काय लिहू? नवखा माणूस इथून वर पोचेल, हे मला माझ्या डोळ्यांनी दिसायला हवं."

संपलं. एकतीस वर्षं एका बाजूला आणि सतरा दगड एका बाजूला! सख्याच्या नावाने चंद्रीच्या जिभेवर असं काही आलं होतं की खाली अंगणातल्या जांभळीवरचे कावळे उडाले असते. पण सखा तिथे असा मान घालून उभा होता की तिने ते गिळलं. मात्र गिळलेला राग जाणार कुठे? तो बाहेर पडलाच, फक्त दुसऱ्या तोंडाने.

"खुणा नाय कशा?" ती कडाडली. "पावलापावलाला खुणा हायेत! त्या पोराचे दगड गेले, आमच्या खुणा कुठं गेल्या? तुमाला दिसत नाय, कारण तुमी हात हलवत चाललाव. ही मोळीची वाट हाये, मॅडम. डोक्यावर मोळी घेतल्याबिगर ती कुणाला दिसत नाय!"

अभिजीतने डोळे मिटून घेतले. झालं, आता खरंच संपलं, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

मॅडमनी चंद्रीकडे नीट बघितलं. मग टोपी काढून अभिजीतच्या हातात दिली. "नवखी मीच आहे," त्या म्हणाल्या. "द्या मोळी."

"आँ?"

"द्या. पण एक अट. मी पुढे चालणार, आणि तुम्ही मागून एक अक्षर बोलायचं नाही. बोललात तर वाट नापास."

"ही गप ऱ्हायची?" सखा न राहवून म्हणाला. "मॅडम, दुसरी काय तरी अट घाला."

चंद्रीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो काटक्या गोळा करायला पळाला. तिने चार हात लांबीच्या वाळक्या फांद्या जमवल्या, पळसाच्या सालीने आवळून बांधल्या. खरी मोळी मणभर असते. ही जेमतेम दहा किलोंची, पण लांबीला पुरी. मग आपल्या जुन्या लुगड्याच्या फडक्याची चुंबळ वळून तिने मॅडमच्या डोक्यावर ठेवली. हात लावताना तिला क्षणभर कसंसंच झालं. खाकी कपड्यातल्या माणसाला आजवर ती लांबूनच बघत आली होती. सख्याने मोळी चढवली. मॅडमचे खांदे आधी थरथरले, मग सावरले.

"मान सरळ," चंद्री म्हणाली. "आता मी गप."

आणि सांगून खोटं वाटेल, पण ती गप्प राहिली. पदराचा बोळा तोंडात धरून चालली.

मॅडम आधी चाचपडल्या. मोळी डोक्यावर असली की पायाकडे बघता येत नाही. मान वाकवली की ओझं गेलंच. त्या एक पाऊल टाकायच्या, थांबायच्या, दुसरं टाकायच्या. दहा पावलं, वीस पावलं. मग चाल लागली. कारण पाय जिथे पडेल तिथे जमीन होती. न बघता टाकलेलं पाऊल नेमकं सपाटीवर पडत होतं. पायरी कुठेच नडगीहून उंच नव्हती. आणि फाटा आला की कुठल्या बाजूला वळायचं, ते मोळीच सांगत होती. एका बाजूला फांद्या छातीपर्यंत लोंबलेल्या, लांब मोळीला शिरायला जागाच नाही. दुसऱ्या बाजूला डोक्याच्या वर दीड हातापर्यंत सगळं मोकळं. पोकळी अशी की बाई आणि बाईच्या डोक्यावरची मोळी बरोब्बर मावावी. ऐनाच्या, कुड्याच्या फांद्यांना जुन्या कोयत्याचे घाव होते, काही इतके जुने की त्यांवर साल चढून ते गुळगुळीत झाले होते.

चौथा फाटा बरोबर. पाचवा बरोबर. सहावा, सातवा. अभिजीत मोबाईलवर बघत होता आणि डोकं हलवत होता.

दम लागला तेव्हा मॅडमना शेजारी खांद्याएवढा उंच खडक दिसला, माथा सपाट. त्या त्याला लागून उभ्या राहिल्या, मान जराशी कलवली, आणि मोळी आपोआप खडकावर सरकली. कुणाचा हात लागला नाही. दम खाऊन पुन्हा खाली शिरल्या, मोळी डोक्यावर आली. एकटी बाई जमिनीवर टेकवलेली मोळी पुन्हा उचलू शकत नाही; म्हणून वाटेवर असे विसावे होते, बरोब्बर जिथे दम लागतो तिथे. मॅडमनी त्या खडकावर हात फिरवला आणि मागे बघितलं. चंद्रीच्या तोंडात बोळा होता, पण डोळे बोलत होते.

मग मोठा फाटा आला आणि चंद्रीचा जीव टांगणीला लागला. इथून गुरांची रुंद वाट सरळ वर जायची, समोर खिंड दिसायची. मोळीवाट मात्र डावीकडे, उलट्या दिशेला, एका सोंडेला वळसा घालून जायची. शहाणा कुणीही सरळ जाईल. मॅडम सरळच गेल्या. पाच पावलं, दहा, पंधरा. चंद्रीने बोळा इतका चावला की फाटला. सख्याने तिचा दंड धरून ठेवला. विसाव्या पावलाला मोळीचं टोक एका हेदीच्या फांदीत अडकलं. मॅडमनी ते सोडवलं. पुढच्या फांदीत पुन्हा अडकलं. त्या उभ्या राहिल्या. वर बघता येत नव्हतं, पण त्यांनी हाताने चाचपून बघितलं. या फांद्यांना कोयता लागलेला नव्हता. मग त्या हळूच वळल्या, मागे आल्या, आणि डाव्या वाटेला लागल्या. चंद्रीने डोळे पुसले. लाज कशाची त्यात?

वळसा संपता संपता मॅडमनी मोळी विसाव्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "आता बोला. एवढं सगळं सोयीचं करणाऱ्या बायकांनी इथेच पाव मैल जास्त का घातला? सरळ वाटेवरच्या चार फांद्या तोडायला कितीसा वेळ लागला असता?"

सखा खोकला. मोठ्यांदा, मुद्दाम. चंद्रीला त्या खोकल्याचा अर्थ कळत होता. पण वाट आपली म्हणायची आणि तिची गोष्ट झाकायची, हे तिला जमणारं नव्हतं.

"सरळ वाटेवरून खालचा फॉरेस्टचा नाका दिसतो," ती म्हणाली. "म्हणजे नाक्यावरून आमी दिसतो. गार्ड बघायचा, वर यायचा, मोळी उतरवून घ्यायचा, कोयता काढून घ्यायचा. दिवस फुकट, चूल थंड. म्हणून सोंडेमागून वाट पाडली. तुमच्या खात्याला चुकवायला पाडली, मॅडम. खोटा कशाला बोलू?"

अभिजीतने दुसरीकडे बघितलं. मॅडमनी मोळी डोक्यावर घेतली आणि त्याच, खात्याला चुकवणाऱ्या वाटेने, पुढे चालायला लागल्या.

खिंड आली. शेवटचा विसावा खिंडीच्या तोंडाशी. मॅडमनी मोळी ठेवली, चुंबळ काढली, आणि बराच वेळ वाऱ्याला तोंड करून उभ्या राहिल्या. पलीकडे बदलापूरच्या इमारती उन्हात पांढऱ्या दिसत होत्या. त्यांच्या कपाळावर चुंबळीचा वळ उठला होता.

"ओढ्याच्या वाटेनं मी दोनदा पडले होते," त्या म्हणाल्या. "आज पायाकडे एकदाही न बघता चढले. ही वाट नोंदवली जाणार. कुंपण मी हलवून घेते."

सख्याने मॅडमना हात जोडले. अभिजीतने तर "काकीऽऽ!" म्हणून खिंड दणाणून सोडली. चंद्रीला काय करावं ते कळेना. तिने उगाच पदर झटकला, पुन्हा खोचला.

मॅडमनी पिशवीतून हिरव्या कव्हराची वही काढली. "एक रकाना राहिलाय. वाट कुणी तयार केली, त्यांची नावं."

सख्याचा चेहरा उतरला. तो घाईघाईने म्हणाला, "मॅडम, नुसता आवळवाडी ग्रामस्थ लिवा. नावांचा काय काम?"

चंद्रीला त्याची भीती समजली. हिरवी वही तिने याआधी पाहिली होती, नाक्यावर, गार्डच्या हातात. पकडलेल्या बाईचं नाव तीत चढायचं. आणि वाडीतल्या एकाही बाईने कधी खरं नाव सांगितलं नव्हतं. कुणी गंगा सांगायची, कुणी जमुना. चंद्री नऊ वेळा पकडली गेली होती आणि नऊही वेळा वेगळी झाली होती. खात्याच्या इतक्या वह्या भरल्या, पण त्यांत आवळवाडीची एकही बाई नव्हती.

ती मॅडमच्या समोर जाऊन उभी राहिली.

"लिवा," ती म्हणाली. "पहिला नाव बनूबाई नाथा मेंगाळ. जित्ती हाये, दारात बसलीये. मग तिची जाऊ, मधु. ती गेली. मग रंजना, ती वांगणीला दिलेली. मग…"

ती सांगत गेली. मेलेल्या सांगितल्या, जिवंत सांगितल्या, एक साप चावून याच वाटेवर गेलेली सांगितली. मॅडम लिहीत होत्या. पान संपलं, त्यांनी उलटलं. सव्वीस नावं झाली. मग चंद्री थांबली, आणि मॅडमनी वर बघितलं.

"आणि तुमचं?"

चंद्रीने घसा साफ केला. खात्याच्या वहीपुढे उभं राहून, ताठ मानेने, खिंडीच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "चंद्री सखा मेंगाळ. ह्या खेपेला खरा नाव हाये, मॅडम. नीट लिवा."